मामगी, भाकरी फुगली

प्रिय मामगी,

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहितोय. हाक मात्र तुमच्या वेल्शमधलीच, मामगी म्हणजे आजी. नातवाला फोनवर भाषांतर करून वाचून दाखवायला सांगा. भाकरीची ब्रेड होईल आणि थापण्याचं मारहाण, पण तुम्हाला कळेल. तुम्हीच म्हणाला होतात, इंग्रजीत आभार मानलेस तर ते दुकानातले वाटतील.

सप्टेंबर २०२३. मी एका सत्रासाठी वेल्समध्ये, तुमच्या अॅबरिस्टविथला, शिकायला येत होतो. बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी, दोन रात्रींची झोप डोळ्यांवर, शेजारी तेवीस किलोची बॅग. मखन्लेथ स्टेशनावर गाडी दुभंगते, अर्धे डबे अॅबरिस्टविथला जातात आणि अर्धे किनाऱ्याने उत्तरेला पुल्हेलीकडे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे गाडीत सांगत होते, आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत, पण मी पेंगत होतो. तुम्ही माझ्या बॅगेवरची चिठ्ठी वाचलीत, दंडाला धरून उठवलंत आणि बॅगेचा एक कान स्वतः उचललात. फलाटावरून पुढच्या डब्यात शिरेपर्यंत एक शब्द नाही. मग विचारलंत, "यात काय दगड भरलेत का?"

दगड नव्हते. तीन किलो बाजरीचं पीठ होतं. आईने कोंबलेलं.

आता ही पिठाची गोष्ट, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी पारनेर तालुक्यातला. आमच्याकडे थंडीत बाजरी नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पण भाकरी करायची आईने, नाहीतर बहिणीने. तेवीस वर्षांत मी काठवटीला हात लावला होता तो फक्त ती उचलून ठेवायला. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तव्यावर माझा पहिला गोळा जळला, धुराचा भोंगा वाजला आणि रात्री साडेदहाला सगळी पोरं झोपेच्या कपड्यांत बाहेर वाऱ्यात उभी. कुणी रागावलं नाही, हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही रस्त्यात भेटलात, "जेवतोस का?" विचारलंत आणि मी ही फजिती सांगून बसलो. तुम्ही रस्त्यावरच पोट धरून हसलात. मग म्हणालात, "शनिवारी पीठ घेऊन ये."

पीठ घाईचंच होतं. बाजरीत तेलाचा अंश चांगला असतो, ती दळली की ते तेल विघटित होऊ लागतं आणि पीठ कडवट होतं. आमच्या घरी म्हणून आठवड्यापुरतंच दळून आणतात. ते रसायनशास्त्र मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. भाकरी मात्र येत नव्हती.

तुमच्या ओट्यावर तो ओतीव लोखंडाचा काळाभोर तवा बघितला आणि मला बोलवेना. तुम्ही त्याला 'प्लांक' म्हणालात. त्यावर तुम्ही मनुके घातलेले छोटे गोड पोळे भाजता, त्याची चव अजून जिभेवर आहे. पण त्या दिवशी तुम्ही माझं पीठ दोन बोटांत चोळलंत, हुंगलंत, चिमूटभर तोंडात टाकलंत आणि म्हणालात, यात चिकटा नाही, हे ओटसारखं आहे, याला गरम पाणी लागेल. चाळीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढलेली बाई! बाजरी जन्मात पाहिली नव्हती.

आणि मग तुम्ही थापायला लागलात.

तुमच्या आजीची ती जुनी ओटची भाकरी, 'बारा केर्ख', ती अशीच व्हायची म्हणे. डोंगरातल्या शेतघरात, गरम पाण्यात ओटचं पीठ मळून, तळहाताने मेजावर पसरत नेत, पातळ. तुम्ही सत्तरीच्या, लहानपणी पाहिलेलं, पुढे कधी केलेलं नाही. पण हात विसरले नव्हते. उजव्या तळव्याने दाबायचं, डाव्या हाताच्या कडेने फाटणारी कड आत घ्यायची आणि गोळा गरगर फिरवत राहायचा. अगदी आईसारखं. मी उभ्या उभ्या गप्प झालो. कढत पाण्याने मळलेलं पीठ, खाली भुरभुरलेलं कोरडं पीठ, तेही तेच. फक्त एक मला ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं: भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. तेवढी एक माहिती माझी, बाकी सगळी तुमची.

माझी पहिली तुटली. दुसरी नकाशासारखी झाली. माझे हात घाईत चालले की तुम्ही 'गन ब्विल' म्हणायचात, म्हणजे दमाने. त्यातला शेवटचा ल मला अजून म्हणता येत नाही. तुमची शेगडी विजेची, जाळ नाही, म्हणून फडक्याने कडा दाबत फुगवावी लागायची. चौथ्या शनिवारी आईचं पीठ संपता संपता एक फुगली. पापुद्रा सुटला, आतून वाफ आली. आपण दोघं ओरडलो, तुम्ही वेल्शमध्ये आणि मी मराठीत. त्यानंतर ओटच्याच भाकऱ्या. त्या फुगत नाहीत, पण लोणी लावून बऱ्या लागतात. तुमच्या आजीच्या पिठात डुकराची चरबी असायची. माझ्यासाठी ती तुम्ही न बोलता गाळलीत, तेही आत्ता लिहिताना लक्षात आलं.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात वर्गात पडद्यावर बाजरीचं कणीस आलं. आमच्याकडे बाजरीला 'गोसावी' नावाचा रोग पडतो, कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका येतो. हरियाणाच्या एका लवकर येणाऱ्या वाणात त्याला तोंड देणारे गुण आणण्याचं काम हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने आणि हरियाणाच्या कृषी विद्यापीठाने केलं, आणि त्यात अॅबरिस्टविथच्या संशोधकांचाही हात होता. 'एचएचबी ६७ सुधारित' नावाने तो वाण २००५ मध्ये शेतात गेला. तुमच्या टेकडीपलीकडे गवत आणि ओट पैदा करणारी माणसं आमच्या बाजरीच्या पाठीशी होती आणि मला पत्ता नव्हता. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "मग आता फिटंफाट झाली की." झाली नाही.

अजून एक. बसमध्ये आईचा फोन आला की मी तोंडावर हात धरून बोलायचो. तुम्ही विचारलंत, घरच्यांशी कुजबुजतोस का? आणि मला त्रेवेखन पुलावर घेऊन गेलात. २ फेब्रुवारी १९६३, बर्फ पडलेला, कोर्टाचे समन्स वेल्शमध्ये हवेत म्हणून पोरापोरींनी तो पूल अडवला. तुमची मावशी त्यांत बसली होती. त्या वेळी तुम्ही दहा वर्षांच्या, आईने घराबाहेर पडू दिलं नाही याचा राग तुमच्या आवाजात अजून होता. आताचे राजे चार्ल्स १९६९ मध्ये वेल्श शिकायला एक सत्र इथे राहून गेले, माझ्यासारखंच एक सत्र, तर त्यावर तुमचं मत काय ते मी इथे लिहीत नाही. पण पुलावरून परतताना मी आईला फोन लावला आणि मोठ्याने बोललो.

त्याच संध्याकाळी धक्क्यावर ते पाखरांचे थवे दाखवलेत. अंधार पडता पडता हजारो पाखरं समुद्रावर वळत होती, पसरत होती, मग एकदम धक्क्याखालच्या खांबांत शिरली. आमच्याकडच्या भोरड्यांच्याच कुळातली. मी म्हणालो, आमच्याकडे असा थवा दिसला की गोफण काढतात. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की ज्वारी वाचवायची असते हे सांगायला मला दहा मिनिटं लागली.

आणि ते तू-तुम्ही. वेल्शमध्येही दोन आहेत, 'ती' आणि 'खी', हे कळल्यावर मी जपून 'खी' म्हणत राहिलो. डिसेंबरात निघायच्या आदल्या दिवशी विचारलंत, तुमच्याकडे आजीला काय म्हणतात? मी म्हणालो, आजीला अगंतुगं करतात, तुम्ही म्हटलं तर तिला वाटेल पोराचं काहीतरी बिनसलंय. "मग अडीच महिने माझ्याशी बिनसलं होतं का तुझं?"

तर ऐक, मामगी. घरी आलो त्या रविवारी आई म्हणाली, बस, वाढते. मी म्हणालो, सरक, मी थापतो. बहीण मोबाईल काढून उभी राहिली. तिसरी भाकरी चुलीवर टम्म फुगली. आईने ती उचलली, खालून वरून पाहिली आणि विचारलं, "कुणी शिकवलं?" मी तुझं नाव सांगितलं. तिने तुझं नाव तीनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, मग नुसतं 'मामगी' म्हणाली. गल्लीत आता सगळे तेच म्हणतात.

पोस्टाने एक काठवट पाठवलीय, बाभळीची, आमच्या सुताराकडून करून घेतली. मेजावर सांडतं ते पीठ आता तिच्यात राहील. वापरायच्या आधी तेलाचा हात फिरव आणि दोन दिवस ठेव, नाहीतर तुमच्या दमट हवेत चिरेल. पीठ मात्र पाठवत नाही. पोचेपर्यंत कडू होईल.

तुझा,
दगडांच्या बॅगेवाला