टॉवरमधल्या सरांना, त्या एका फोनबद्दल

आदरणीय सर,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, शंकाच आहे. क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायच्या सरावाच्या उड्डाणावर, निघालेले शिकाऊ पायलट तुमच्या धावपट्टीवर येतच असतात. उतरायचं, इंधन भरायचं, सही घ्यायची आणि निघायचं. मीही त्यातलीच एक. पण त्या दिवशी तुम्ही केलेला एक फोन अजून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याबद्दल नीट धन्यवाद म्हणायचं राहूनच गेलं. तोंडातून शब्द फुटला नव्हता, हेच खरं.

हे पत्र उघड्यावर लिहितेय म्हणून बाहेरच्यांसाठी दोन ओळी. एअरलाइनच्या कॉकपिटची वाट लॉगबुकातून, म्हणजे उड्डाणाचे तास नोंदवायच्या वहीतून जाते. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या किमान मापाने व्यावसायिक पायलटच्या परवान्याला साधारण २०० तास लागतात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून गेलात तर १५०. त्यातले किमान २० तास क्रॉस-कंट्रीचे, विमानाची सगळी जबाबदारी तुमच्यावर. शिवाय एक लांबचं उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. काही देश याहूनही जास्त तास मागतात. हिशेब असा की, मुलगा किंवा मुलगी एकटी अनोळखी आकाशात गेली, वारा मोजला, नकाशा जमिनीशी ताडून पाहिला, इंधनाचं गणित केलं, की तिला निर्णय घेता येऊ लागतील.

कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात तास म्हणजे माल होऊन बसतो. मी ज्या उड्डाण शाळेत होते तिथे तर उघडच तसं होतं. ऑप्सच्या, म्हणजे उड्डाणांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या टेबलावर बसलेले गृहस्थ फळ्यावर बघून बोलायचे, खिडकीबाहेर बघून नाही. कुणी हवेबद्दल कुरकुर केली की ठरलेलं उत्तर यायचं, "जाऊन तर बघ, नाही जमलं तर वळून ये." काही जण तर हवेच्या भानगडीतच पडायचे नाहीत. विमान हँगरमध्ये आणि तास पेनाने लॉगबुकात! त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. लिहायला बसले तर हे आभारपत्र राहणार नाही.

"वळून ये" हे वाक्य किती सहज म्हटलं जातं! १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर विमान उडवायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान हाकायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल खोटं सांगतो, विमान हळूहळू एका बाजूला कलतं आणि आपल्याला वाटतं, आपण सरळ चाललोय. ढगात शिरल्यावर वळायला सुचेल आणि जमेल, हे टेबलापाशी बसून सांगणं सोपं आहे.

तुमच्याकडे मी त्या लांबच्या उड्डाणातली दुसरी उतरणी करून थांबले होते. निघताना मिळालेला अंदाज बरा होता, पण वाटेतच पुढचं क्षितिज पुसट व्हायला लागलं होतं. इंधन भरून झालं, इंधनात पाणी नाही ना म्हणून पंखाखालचा निचरा तपासला, निळं पेट्रोल काचेत स्वच्छ दिसलं, आणि मी वर टॉवरमध्ये आले. तुम्ही माझ्या पुढच्या मुक्कामाचा हवामान अहवाल माझ्यासमोर ठेवलात आणि फक्त दोन आकड्यांवर पेन्सिल टेकवलीत. तापमान २६, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दवासारखी गोठू लागते तो आकडा) २४. मागच्या अहवालात फरक चार अंशांचा होता, तोही तुम्ही शेजारी लिहून ठेवला होता.

या दोन आकड्यांतल्या एका अंशाच्या फरकाला ढगांचा तळ ढोबळ मानाने ४०० फुटांवर, हे मला पाठ होतं. दोन अंश म्हणजे ढगांचा तळ ८०० फुटांच्या आसपास, आणि फरक आणखी कमी होत चाललेला. माझ्या वाटेत टेकड्या होत्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत. सगळं समजावून सांगायची हौस असलेली माणसं मी या क्षेत्रात पुष्कळ पाहिली. गप्प राहणारी फार थोडी.

मग तुम्ही विचारलंत, "काय ठरवलंस?"

"थांबावंसं वाटतंय, सर."

"मग कळव शाळेला."

मी फोन हातात घेतला आणि नुसती बघत राहिले. ऑप्सच्या त्या गृहस्थांचं नाव पडद्यावर होतं, बोट मात्र पुढे सरकत नव्हतं. संध्याकाळी ते विमान दुसऱ्या विद्यार्थ्याला लागणार होतं. याआधी एकदा एका मुलाने अशाच कारणासाठी उड्डाण रद्द केलं, तेव्हा सगळ्यांसमोर "एवढी भीती वाटते तर बसने जा" असं त्याला ऐकवण्यात आलं होतं. आठशे फुटांच्या ढगापेक्षा मला त्या टेबलाची धास्ती जास्त होती. किती उफराटं आहे हे!

तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून काय ओळखलंत कोण जाणे. मला शाळेचा नंबर विचारलात आणि टेबलावरचा फोन ओढून स्वतः लावलात. पलीकडचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. तुम्ही त्याला पूर्ण बोलू दिलंत. मग शांतपणे म्हणालात, "मी थांबवलंय तिला. हवा बघितलीय मी. काही म्हणायचं असेल तर मला म्हणा." आणि फोन ठेवलात.

आता यातली गंमत अशी की ते खरं नव्हतं. थांबायचं मी ठरवलं होतं. नियमाप्रमाणेही निर्णय पायलट-इन-कमांडचा, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेल्या पायलटचाच, आणि तुम्ही आधी मलाच विचारून तो माझ्याकडे ठेवला होता. निर्णय माझा राहू दिलात आणि बोलणी मात्र स्वतःच्या अंगावर घेतलीत. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. ठरवणारे वर बसतात, आणि काही बिनसलं की हात वर करून "पायलटने बघायला हवं होतं" म्हणतात.

नंतरचं थोडक्यात. ढग उठले नाहीत. मी विमान दोरांनी बांधलं, चाकांना अडसर लावले आणि रात्र तिथेच काढली. तुमची ड्यूटी संपली होती तरी तुम्ही जाता जाता ॲप्रनवर, विमानं उभी करायच्या जागी आलात, डाव्या पंखाची गाठ ओढून बघितलीत, पुन्हा घट्ट केलीत आणि "सकाळी ये, बघू" एवढंच म्हणालात. सकाळी आकाश लख्ख होतं. शाळेत परतल्यावर मला कुणी एक शब्द बोललं नाही. तुमच्यावर मात्र यथेच्छ तोंडसुख घेतलं गेलं, ते मी मान खाली घालून ऐकलं. माफ करा, पण मनातून जरा मजाही वाटली.

त्यानंतर मी शाळा बदलली. तिथल्या प्रशिक्षक बाई उड्डाण रद्द केलं की आधी "बरं केलंस" म्हणतात आणि मग कारण विचारतात. अशी माणसं आहेत, सर. इंधन भरणारा तो दादा, टाकीचं झाकण मी लावलेलं असलं तरी स्वतः हात लावून बघणारा. रेडिओवर माझी अडखळलेली वाक्यं दुसऱ्यांदा न चिडता ऐकून घेणाऱ्या ताई. यातलं काही कुणाच्या कामाच्या यादीत नसतं आणि यासाठी कुणाला बढतीही मिळत नाही. एकेका सुरक्षित उड्डाणाला असे किती हात लागलेले असतात, ते लॉगबुकात लिहायला रकानाच नाही.

माझे क्रॉस-कंट्रीचे तास आता पुरे झालेत, आणि उपकरणांवरचं उड्डाण शिकायला घेतलंय. डोळ्यांवर पडदा लावून विमान सरळ ठेवताना घामटं निघतं, आणि दर वेळी ते १७८ सेकंद आठवतात. पुढे कधी एअरलाइनच्या मुलाखतीत "दबावाखाली घेतलेला एखादा निर्णय सांगा" असं विचारलंच तर मी हाच दिवस सांगणार आहे. फोनचा भाग सोडून.

तुमचं आणि तुमच्या विमानतळाचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. "मी थांबवलंय तिला" या वाक्यावरून कुणी तुमच्याकडे खुलासा मागायला नको. तुम्ही वाचलंत तर ओळखालच.

मनापासून आभार, सर.

तुमची,
डाव्या पंखाची गाठ सैल बांधणारी विद्यार्थिनी