बुश न काढताच सस्पेन्शन आर्मवर पावडर कोटिंग केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बुश काढण्याची मजुरी घेऊनही ते काम न केल्याबाबत

महोदय,

माझ्या गाडीचे पुढचे दोन लोअर आर्म आणि मागचे दोन ट्रेलिंग आर्म (चाके गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे भाग) मी आपल्याकडे पावडर कोटिंगसाठी, म्हणजे रंगाची पूड बसवून ती भट्टीत पक्की करण्यासाठी, दिले होते. आपल्याच कर्मचाऱ्याने भरलेल्या जॉब कार्डावर ‘सर्व बुश प्रेसवर काढणे, बोअर मास्क करणे, मग कोटिंग’ (बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातला रबर व नळ्यांचा भाग, बोअर म्हणजे तो बसतो ते भोक, आणि मास्क करणे म्हणजे रंग लागू नये म्हणून झाकणे) असे स्पष्ट लिहिलेले आहे आणि बुश काढण्याची मजुरी बिलात वेगळी लावून ती माझ्याकडून घेतलीही आहे. प्रत्यक्षात पुढच्या आर्ममधले बुश जागच्या जागी आहेत. मागच्या एका आर्ममधले रबर व आतली नळी तेवढी काढली असून बाहेरची लोखंडी स्लीव्ह बोअरमध्ये तशीच ठेवून तिच्यावरही रंग चढवला आहे.

रंगाची चकाकी आणि एकसारखेपणा यांत फारसे उणे नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे, कारण असा सुबक दिसणारा आर्म कोणताही मेकॅनिक दुसरा विचार न करता गाडीला बसवील.

‘भट्टीत थोडाच वेळ असतात, रबराला काही होत नाही’ असे मला फोनवर सांगण्यात आले. सर्वसाधारण पॉलिएस्टर पावडर पक्की होण्यासाठी धातूचे तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन तेथे सुमारे १० ते २० मिनिटे टिकवावे लागते, आणि आर्मसारखा जाड भाग तेवढा तापेपर्यंतचा वेळ त्याहून निराळा. बुशमधले रबर इतक्या उष्णतेसाठी बनवलेले नसते. ते कडक पडते, त्याला चिरा जातात, आणि रबर व स्लीव्ह यांना धरून ठेवणारा जोड कमकुवत होतो. यातले पुष्कळसे नुकसान वरून दिसत नाही. ते कळते गाडी चालू लागल्यावर, ब्रेक लावताना चाक जागेवरून हलू लागले की, किंवा टायर एका बाजूने झिजू लागला की. शिवाय पुढच्या आर्मवर बुशच्या कडेने रंगात बारीक छिद्रे व फुगवटे आले आहेत. रबरातले तेल आणि फटीत राहिलेले ग्रीस भट्टीत तापून बाहेर आल्याची ही खूण असून, गंजाची सुरुवात तेथूनच होईल.

मागच्या आर्मची गोष्ट अधिक गंभीर आहे. नवा बुश स्वतःची स्लीव्ह घेऊनच येतो, त्यामुळे जुनी स्लीव्ह काढल्याखेरीज तो बसूच शकत नाही. ती आता काढायची म्हणजे हॅक्सॉने आतून चीर पाडून किंवा प्रेसवर ढकलून काढावी लागेल, आणि दोन्ही प्रकारांत कडेचे नवे कोटिंग उडणारच. मागच्या दुसऱ्या आर्ममध्ये स्लीव्ह निघालेली आहे, पण उघड्या बोअरला मास्किंगचा सिलिकॉन प्लग न लावल्याने आतही पावडर बसली आहे. थर ६० ते १०० मायक्रॉनचा धरला तरी तो दोन्ही अंगांना बसत असल्याने बोअरचा व्यास ०.१२ ते ०.२ मिलिमीटरने कमी होतो. प्रेस फिट, म्हणजे भाग दाबून घट्ट बसवणे, हा मिलिमीटरच्या शतांश भागांचा हिशेब आहे. अशा बोअरमध्ये बुश दाबला तर तो तिरका जाईल, नाहीतर रंग खरवडत जाईल आणि पुढे सैल पडेल.

आणखी एक शंका आहे आणि तिचे उत्तर मला लेखी हवे आहे. मागच्या बुशमधले रबर गॅस टॉर्चने जाळून काढले काय? तसे असल्यास बोअरभोवतीचा पत्रा किती तापवला होता? अनेक आर्म उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात आणि लाल होईपर्यंत तापवल्यास त्या जागेची ताकद कमी होऊ शकते. कोटिंगखाली तापल्याचे डाग झाकले गेल्याने मला स्वतःला याची खात्री करून घेण्याचा मार्ग उरलेला नाही.

तरी माझी मागणी अशी आहे की, चारही आर्मवरील कोटिंग आपल्या खर्चाने रसायनाने उतरवावे, आर्मच्या कानांना (बोअरभोवतीच्या भागांना) योग्य आधार देऊन राहिलेले बुश व स्लीव्ह प्रेसवर काढाव्यात, बोअर स्वच्छ व मास्क करून मगच पुन्हा कोटिंग करावे, आणि बोअरचे माप घेऊन ते मला लेखी द्यावे. टॉर्च वापरला असल्यास संबंधित आर्म दुरुस्त न करता बदलून द्यावेत. पुढचे बुश भट्टीतून गेल्यामुळे आता वापरण्याजोगे राहिलेले नाहीत. ते मी नवेच घेणार होतो, म्हणून त्यांची किंमत मागत नाही. न केलेल्या कामाची मजुरी मात्र परत मिळावी.

जॉब कार्ड व बिलाची प्रत आणि प्रत्येक बोअरची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आपले लेखी उत्तर पंधरा दिवसांत यावे. तोपर्यंत आर्म आहेत त्या स्थितीत तपासणीसाठी माझ्याकडे राहतील.

आपला,
एक ग्राहक