गाडी मिळाली, मुक्काम मिळाला नाही : हिवाळी कॅराव्हॅन सहलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (कॅराव्हॅन भाडे)

विषय : सोलापूर येथील हिवाळी पॅकेजमध्ये जाहिरातीप्रमाणे सोयी न मिळाल्याबाबत व भाड्याच्या परताव्याबाबत

महोदय,

आम्ही आपल्याकडून जानेवारीत कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली होती. आधी सोलापूर शहरात सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी आणि नंतर मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या शेतावर हुरड्यासाठी, असे ते एकच पॅकेज होते. पैसे सगळे आगाऊ भरले. गाडी वेळेवर आली, आतून स्वच्छ होती, चालक अत्यंत सभ्य होते. या तिन्हींबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार मुक्कामाबद्दल आहे. गाडी शहरात उभी करा नाहीतर शेतात, चोवीस तास वीज, गरम पाणी, हीटर आणि स्वच्छतागृह मिळेल, असे आपण जाहिरातीत लिहिले आहे. बुकिंगच्या वेळी फोनवरही हेच सांगितले. त्यावर विसंबून आम्ही घरातल्या वयस्कर माणसाला सोबत नेले. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना उकिडवे बसता येत नाही. यात्रा पाहावी, शेतावर एक रात्र काढावी, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. शेतावर कमोड नाही आणि पेठेतले आमचे जुने घर यात्रेत पाहुण्यांनी भरलेले असते. म्हणून कॅराव्हॅन घेतली, हौस म्हणून नव्हे.

आधी शहराचे सांगते. यात्रेच्या दिवसांत सोलापूर कसे असते हे आपल्याला माहीत नसेल तर इथले बुकिंग घेण्यापूर्वी ते माहीत करून घ्यायला हवे होते. बाळीवेशीतून निघालेले सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, सिद्धेश्वर मंदिराकडे येतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, असतो, मग होम मैदानावर होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम. होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, भरलेला असतो. आंध्र-कर्नाटकातूनही भाविक येतात. मिरवणुकीचे रस्ते वाहनांना बंद असतात. हे दरवर्षी होते, तारखा आधीच ठरलेल्या असतात. असे असताना आपल्या प्रतिनिधीने मंदिराजवळच्या एका रिकाम्या जागेचे नाव सांगितले आणि तिथे गाडी लावा, काही अडचण येणार नाही, असे कळवले. त्या जागेची परवानगी घेतली आहे का, असे मी विचारले होते. उत्तर ‘हो’ असे आले. प्रत्यक्षात कोणतीच परवानगी नव्हती. संध्याकाळी पोलिसांनी गाडी हलवायला लावली आणि त्यांचे बरोबरच होते. एवढी उंच-रुंद गाडी तिथे उभी राहिली असती तर गर्दीला वाट राहिली नसती.

त्यानंतर चालकाने आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत जागा शोधली. शेवटी पुणे महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात, मालकाच्या भलेपणामुळे, गाडी लागली. तिथून मंदिरापर्यंत सासऱ्यांना रिक्षाने न्यायचे, गर्दीत उतरवायचे, दमले की परत आणायचे, असे चालले. अक्षता सोहळा त्यांना धड पाहता आला नाही. जवळ गाडी असेल, थकले की आडवे होतील, एवढ्याच एका कारणासाठी शहरातले भाडे आम्ही भरले होते.

शौचालयाच्या टाकीचा प्रश्न याहून वाईट होता. गाडीतल्या कमोडखालची टाकी लहान आहे. आमच्या कुटुंबाला ती फार वेळ पुरणार नाही हे उघड होते. भरल्यावर ती कुठे रिकामी करायची, हे आपल्या माहितीपत्रकात कुठेच नाही. फोन केला तर आपल्या माणसाने सांगितले की रात्री जवळच्या गटारात ओता, सगळे तसेच करतात. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. ज्या गावाचे ग्रामदैवत तळ्याच्या मध्यभागी आहे, जिथे लोक यात्रेच्या दिवसांत अनवाणी चालतात, तिथे मैला गटारात ओता असे आपली कंपनी ग्राहकाला सांगते! आम्ही ते केले नाही. माझ्या पतींनी ती टाकी घरी आणून आमच्या संडासात रिकामी केली, धुतली आणि परत नेऊन बसवली. सोलापुरात ज्याचे घर नाही अशा ग्राहकाने काय करायचे?

पाण्याचेही तेच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. गाडीची पाण्याची टाकी शहरात कुठेही भरून घ्या, हे सांगणे इथे लागू होत नाही. आम्ही जार विकत आणून काम भागवले.

आता शेतावरचे. तिथे पोहोचल्यावर मला पहिल्यांदा वाटले की ही गाडी घेतली ते योग्य केले. शाळू हुरड्यात आला होता. मंगळवेढ्याची काळी जमीन, तिच्यातली मालदांडी ज्वारी, हे आमच्याकडचे खरे वैभव आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. गाडी खळ्याच्या टणक जागेवर लावली, दाराशी खुर्ची टाकली, समोर गोवऱ्यांची आगटी पेटवली. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने कणसे भाजली, चोळली, सगळ्यांना वाटली. शेंगाचटणी, गूळ, घट्ट दही होतेच. स्वच्छतागृह चार पावलांवर असल्यामुळे ते निर्धास्त होते. पाच वर्षांत ते इतका वेळ शेतावर बसले नव्हते. हे श्रेय आपल्या गाडीचे आहे आणि ते मी मोकळेपणाने देते.

पण रात्र झाली आणि आपल्या जाहिरातीतला हीटर चालू करायची वेळ आली. माझे पती विजेच्या कामातले आहेत, त्यांनी बॅटरी पाहिली. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासाची एकच लेड-ॲसिड बॅटरी. म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास आणि बॅटरी खराब होऊ द्यायची नसेल तर त्याच्या निम्मे, ६०० वॅट-तास. हीटर १००० वॅटचा. हा हिशोब शाळेतल्या मुलालाही जमेल : बॅटरीवर तो अर्ध्या तासाच्या आसपास चालेल आणि त्यानंतर दिवे, पंप, फ्रीज सगळेच बंद पडेल. चोवीस तास वीज ही बाहेरून जोडणी मिळाली तरच मिळते. शेतावर ती जोडणी कुठून आणायची? आमच्याकडे मोटारीच्या खोलीत वीज आहे, पण शेतीची थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. आपण दिलेली केबल त्या खोलीपर्यंत पोहोचतही नव्हती. घरातली साधी वायर जोडून हीटर लावला असता तर वायर तापून आग लागली असती, म्हणून पतींनी नकार दिला.

मग आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट पुढे आहे, कृपया ती नीट वाचावी. आपल्या माणसाने सल्ला दिला : दारे-खिडक्या लावून घ्या, आतली गॅसची शेगडी थोडा वेळ पेटवून ठेवा, गाडी लगेच गरम होते.

बंद गाडीत शेगडी पेटवून माणसे झोपली तर काय होते हे आपल्याला ठाऊक असायलाच हवे. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपल्या गाडीत हा वायू ओळखणारा अलार्म नव्हता. छताची हवेची झडप बाहेरून टेप लावून बंद केलेली होती, बहुधा धूळ येऊ नये म्हणून. म्हणजे सल्ला मानला असता तर आत साचलेला वायू बाहेर पडायला वाट नव्हती. आम्ही शेगडी पेटवली नाही कारण पतींना हे माहीत होते. ज्यांना माहीत नाही त्यांनी तुमच्या माणसावर विश्वास ठेवला तर?

ती रात्र आम्ही सोलापुरी चादरी आणि सासूबाईंच्या हातच्या वाकळीवर काढली. टेप काढून झडप उघडली. ती बंद असताना पत्र्याच्या आतून पाणी सुटले होते, उशा दमट झाल्या होत्या. माणसांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर साचते, हेही कोणीतरी सांगायला हवे होते.

चालकाबद्दल एक सांगायचे आहे. त्यांच्या झोपण्याची कंपनीने काहीच सोय केली नव्हती. ते पुढच्या सीटवर, उघड्या रानातल्या थंडीत, एका शालीवर झोपणार होते. आम्ही त्यांना वस्तीवरच्या खोलीत अंथरूण दिले. दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसाला अशी रात्र काढायला लावून दुसऱ्या दिवशी आमचा जीव त्यांच्या हाती द्यायचा, हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. आपल्या वेळापत्रकात शहरातून गावाकडचा प्रवासही रात्री ठेवला होता. हा ऊस गाळपाचा हंगाम. सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. मी दिवसा निघण्याचा आग्रह धरला तर आपण वेळबदलाचे शुल्क लावले. सुरक्षित वेळी प्रवास केल्याबद्दल ग्राहकाने जादा पैसे भरावेत, हे मला मान्य नाही.

गाडी परत दिल्यावर अनामत रकमेतून ‘टाकी सफाई’ म्हणून पैसे कापले गेले. टाकी आम्ही रिकामी करून, धुऊन दिली होती. चालक याला साक्षीदार आहेत. शेतावर ती आम्ही वस्तीच्या शोषखड्ड्यात ओतली नाही, कारण आत टाकलेल्या निळ्या द्रवाच्या बाटलीवर घटकांची नावे नव्हती आणि तो विहिरीजवळच्या जमिनीत मुरू देणे आम्हाला योग्य वाटले नाही. परतीच्या वाटेवर सोलापुरातल्या घरी थांबून पुन्हा तेच काम केले.

आता माझे म्हणणे. कॅराव्हॅन शहरात आणि कॅराव्हॅन शेतावर या दोन वेगळ्या सेवा आहेत आणि आपण त्या एकाच शब्दांत, एकाच दरात विकता. शहरात माणसाला लॉज मिळते, नातेवाइकाचे घर मिळते. तिथे या गाडीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तिला उभे राहायला हक्काची जागा, वीज, पाणी आणि मैला रिकामा करायची सोय कंपनीने आधी ठरवून ठेवली असेल. तसे नसेल तर शहरातले बुकिंग घेऊच नये, यात्रेच्या आठवड्यात तर मुळीच नाही. शेतावर मात्र ही गाडी जे देते ते दुसरे कोणी देऊ शकत नाही. म्हाताऱ्या माणसाला पलंग आणि कमोड थेट रानात मिळतो. तिथे गरज आहे ती मोठ्या बॅटरीची, लांब आणि जाड केबलची, उघड्या झडपेची, भरपूर पांघरुणांची आणि खरे सांगण्याची. राज्य सरकारच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात गाडीबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार केलेला आहे : पाणी, रस्ता, वीजजोडणी असलेली उभी राहण्याची जागा. गाडीइतकीच जागाही महत्त्वाची आहे हे धोरण करणाऱ्यांना कळले, ते या व्यवसायात असलेल्यांनाही कळायला हवे.

माझ्या मागण्या अशा आहेत. शहरातल्या मुक्कामाचे पूर्ण भाडे परत करावे. वेळबदलाचे शुल्क आणि सफाईच्या नावाने कापलेली रक्कम परत करावी. शेतावरच्या मुक्कामाचे भाडे मी मागत नाही, तिथे गाडीचा उपयोग झाला. शेगडीचा सल्ला आणि गटारात ओतण्याचा सल्ला देणाऱ्यांची चौकशी करून, आपल्या मदत क्रमांकावरील सर्वांना काय सांगू नये हे लेखी द्यावे आणि त्याची प्रत मला पाठवावी. सर्व गाड्यांच्या झडपा उघडाव्यात आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. हे काम पुढच्या बुकिंगआधी व्हावे, परताव्याला थोडा उशीर झाला तरी चालेल. जाहिरातीतली ‘चोवीस तास वीज’ आणि ‘हीटर’ ही विधाने काढावीत किंवा ती बाहेरच्या वीजजोडणीवरच मिळतील असे तिथेच मोठ्या अक्षरात लिहावे.

या पत्रासोबत बुकिंगची पावती, जाहिरातीची प्रत, बॅटरीच्या आणि टेप लावलेल्या झडपेच्या छायाचित्रांच्या प्रती जोडल्या आहेत. फोन कॉलच्या वेळाही वेगळ्या कागदावर दिल्या आहेत. आपल्याकडचे रेकॉर्डिंग जपून ठेवावे, ही विनंती.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची तरतूद या कायद्यात आहे, त्यामुळे मला आपल्या शहरात यावे लागणार नाही.

सासरे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शेतावर जायचे म्हणत आहेत. झडप आणि अलार्मचे काम झाल्याचे आपण लेखी कळवले तर मी आपल्याकडूनच गाडी घ्यायला तयार आहे, फक्त शेतासाठी.

आपली ग्राहक,
सोलापूर

सोबत : वर नमूद केल्याप्रमाणे