मोगऱ्याला कळ्या आल्या

पणजी,
होळीनंतरचा रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मोगऱ्याला कळ्या आल्या. मोजल्या, ११ आहेत. फोनवरच सांगणार होते, पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला हे दोघांना एकदमच कळवायचं होतं.

बाबा, जानेवारीत विहिरीवर तुमचा पाय घसरला म्हणून मी चार कुंड्या इकडे आणल्या, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. गाडी वळेपर्यंत सोप्यावर उभे होतात. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून एकेकीची खबर देते.

मोगरा माझ्या हातून जवळजवळ गेलाच होता. आई, तू सांगितलंस तसं आठवडाभर पाणी तोडलं, पानं काढली, फांद्या निम्म्यावर छाटल्या, शेणखत घातलं. कोवळी फूट आली आणि माना टाकायला लागली. मी तर रोज संध्याकाळी पाणी घालत होते, खालची ताटली भरून वाहायची. एकदा बोट खुपसून पाहिलं, तर दोन पेरांखाली माती ठणठणीत कोरडी! आपली तांबडी माती एकदा सुकली की विटेसारखी घट्ट होते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, मुळांना थेंबही मिळत नाही. मी कुंडी बादलीत बुडवली. कितीतरी वेळ बुडबुडे येत राहिले. ते थांबल्यावरच बाहेर काढली. तिसऱ्या दिवशी फूट ताठ झाली, तेव्हा मला रडू आलं, खरंच.

आता वरच्या मातीत काथ्याचा भुसा आणि शेणखत कालवलंय, त्यावर नारळाची सोडणं अंथरलीत. पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत. ताटल्या काढून टाकल्या, डासांना तेवढं पाणीही पुरतं.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला होता, कापसासारखा. साबणाच्या पाण्याने फांद्या पुसल्या आणि उन्हं उतरल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल फवारलं, थोडा साबण घालून. आता बरी आहे. गुलाब छान. जाई पावसाची वाट बघतेय.

तुमच्याकडे राहिली ती अबोली. चैत्राचं दुपारचं ऊन तिला सोसत नाही, पानं करपतात. सकाळचं कोवळं ऊन पुरे. शेजारच्या मुलाला सांगून कुंडी माडाच्या सावलीत सरकवून घ्या, बाबा, तुम्ही उचलू नका. आई, सुकलेले तुरे खुडलेस की नवे लवकर येतील, पण दोन-चार झाडावरच सुकू दे. त्यांच्या शेंगा पाणी पडलं की टचकन फुटतात, मिरगानंतर रोपंच रोपं मिळतील.

आणि बाबा, कळशी नाही. तांब्याने घाला, दोन खेपा झाल्या तरी चालतील. एवढं माझं ऐका.

पुढच्या रविवारी येते. तोवर कळ्या टपोऱ्या होतील, ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. आई, केळीचा दोरा भिजवून ठेव. या ११ कळ्या आणि तुझी अबोली मिळून एक फाती, छोटासा गजरा, नक्की होईल.

तुमची लेक