हिशेब एका व्यवहाराचा, ओळी तीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे जर्मनीला राहून आम्ही उभयता नुकतेच सांगलीला परतलो आणि पाठोपाठ क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र आले. लेखापाल म्हणून आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या मला त्या दोन पानांचा मेळ घालायला अख्खी दुपार लागली. म्युनिकच्या हॉटेलचे 21,600 रुपये एका ओळीत, चार ओळी सोडून 'एफसीवाय मार्कअप' 756 रुपये आणि पुढच्या पानावर, कशावरचा ते न सांगता, 'आयजीएसटी' 136.08 रुपये. मूळ बिल 216 युरोचे होते, हे छापले होते. दर मात्र कुठेच नव्हता, तो मी भागाकार करून काढला. एफसीवाय म्हणजे परकीय चलन. मार्कअप म्हणजे अशा व्यवहारावरचे बँकेचे शुल्क. ते साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी मिळून खर्चाच्या 4.13 टक्के रक्कम जास्तीची गेली. शिवाय चलनाचा दर आपण कार्ड लावतो त्या क्षणाचा नसतो. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या यंत्रणेने व्यवहार पुढे नोंदवताना जो लावला, तो धरला जातो.

परतताना विमानतळावरच्या दुकानात यंत्राने विचारले, युरोत देणार की रुपयांत? "निदान किती गेले ते तरी कळेल," म्हणत सौ.ने रुपयांचे बटण दाबले. हा दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि त्यात त्यांचा नफा आधीच मिसळलेला असतो, हे आम्हाला घरी आल्यावर उमगले. एवढ्यावर भागले नाही. रक्कम रुपयांत असली तरी दुकान परदेशात म्हणून आमच्या बँकेनेही वर शुल्क लावले. मोबाइलवरील एखाद्या सेवेची वर्गणी रुपयांत दिसते, पण कंपनीची नोंदणी परदेशात असेल तर घरबसल्याही हाच प्रकार होऊ शकतो.

शुल्क घेण्याला माझी हरकत नाही. परंतु मूळ चलनातील रक्कम, लावलेला दर, मार्कअप आणि त्यावरील कर हे सारे त्या त्या व्यवहाराखाली एकत्र आणि मराठीतही छापायला बँकांना कोणती अडचण आहे? रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावरील परदेशी व्यवहार बंदच असतात आणि ते ग्राहकाला स्वतः सुरू करावे लागतात. निदान ते सुरू करताना तरी शुल्काचा टक्का ठळक दाखवावा.

आमच्या बँकेच्या मदत केंद्राने "सर्व शुल्के संकेतस्थळावर आहेत" एवढे सांगून फोन ठेवला, म्हणून मी लेखी तक्रार दिली आहे. तिला आज एकवीस दिवस झाले. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, सांगली