तीच माहिती किती वेळा मागणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘मास्तरांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या’ हे वाक्य एसटीत, किराणा दुकानात, नात्यातल्या लग्नात ऐकून कान किटले. नव्याने लागलेल्या शिक्षिकेचा आठवडा कशात जातो, तेही वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

जत तालुक्याच्या पूर्व भागात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षण सेवक आहे. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड झाली. पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची असतात. प्राथमिकला हे मानधन पूर्वी 6 हजार होतं, जानेवारी 2023 पासून 16 हजार झालं. जतमधली खोली, स्कूटीचं पेट्रोल आणि सांगलीतलं घर यांत ते किती पुरतं, हे सांगत बसत नाही. त्यावर संघटना बोलतातच.

शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझे. बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. मला कन्नड येत नव्हतं. सुरुवातीला पोषण आहार शिजवणाऱ्या मावशीच माझ्या दुभाषी. पहिलीतलं पोर काही सांगायला आलं, की मी त्याचा हात धरून त्याला चुलीपाशी न्यायची. आता पोटात दुखतंय, दप्तर फाटलंय, त्यानं मारलं, इतपत कळतं. दिवाळीनंतर काही आईबाप ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीजवळ राहतात, काही बरोबर जातात. जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक हातात देऊन आम्ही त्यांना पाठवतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर परत आलेलं मूल जोडाक्षरं विसरून आलेलं असतं. त्याच्यासाठी वेगळी शब्दकार्डं आणि काड्यांचे दशक-एककाचे गठ्ठे करावे लागतात. या कामाला संध्याकाळ लागते, आणि ते करायला मला मनापासून आवडतं.

पण संध्याकाळ राहते कुठं? दुपारी हजेरीनुसार तांदूळ मोजून द्यायचा, मुलामागे 100 ग्रॅम. चव घ्यायची, चव नोंदवहीत सही करायची, ॲपवर आकडा भरायचा. याबद्दल तक्रार नाही, मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे. खरं दुखणं शाळा सुटल्यावर ग्रुपवर येतं: ‘अति तातडीचे. आज सायं. 6 पर्यंत.’ उघडून बघावं तर पटाचा जातनिहाय तक्ता, मुलं-मुली वेगळ्या. हीच माहिती आम्ही यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरलेली असते. फक्त रकान्यांचा क्रम बदललेला असतो, म्हणून पुन्हा भरायची. वस्तीवर रेंज नाही, त्यामुळे फोन घेऊन रस्त्याच्या चढावर उभं राहायचं.

अपार आयडीचं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं, तर विचारू नका. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव एक, आधारवर इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडं. नाव जुळत नाही म्हणून आयडी तयार होत नाही, आणि संमतीपत्रावर सही करणारा बाप कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. तरी रोज विचारणा, ‘किती टक्के झालं?’ वृक्षारोपणाचा फोटो पाठवला, तर बॅनर दिसत नाही म्हणून परत मागवला. मुलांना पुन्हा ओळीत उभं केलं, तोवर गणिताचा तास संपला होता. लावलेलं रोप जगलं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की कवठे महांकाळ-मिरजमार्गे सांगली गाठते. लेक आजीजवळ असते. आठवड्यातला तिचा माझा वेळ तेवढाच, आणि त्यातही फोन वाजतो. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना दोष देत नाही, त्यांनाही वरून तसाच निरोप आलेला असतो.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं सांगितलं आहे. ही तीन कामं आम्ही करतोच. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा किमान 45 तासांचा धरला आहे, तोही पाठाच्या पूर्वतयारीसह. म्हणजे शब्दकार्डं करायचा वेळ ही माझी हौस नाही, नोकरीचाच भाग आहे. तक्ते भरण्यात तो गेला, तर नुकसान ऊसतोडीवरून जोडाक्षरं विसरून आलेल्या पोराचं होतं.

पोर्टलवर असलेली माहिती शाळेकडे पुन्हा मागू नये, ज्याला हवी त्यानं तिथून उतरवून घ्यावी. आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची जी शिक्षण परिषद केंद्रावर भरते, तिच्यात परिपत्रकं वाचण्याऐवजी जुन्या शिक्षकांचे पाठ बघायला मिळावेत. कन्नड घरातल्या मुलांना वर्षानुवर्षं मराठी वाचायला लावणाऱ्या बाई आमच्या शेजारच्याच शाळेत आहेत. त्यांच्या वर्गात दोन दिवस बसायला मिळालं, तर कुठल्याही ऑनलाइन प्रशिक्षणापेक्षा मला ते जास्त उपयोगी पडेल. आणि शाळा सुटल्यावर आलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उत्तर दिलं तर खुलासा मागवला जाणार नाही, एवढं लेखी मिळालं तरी पुष्कळ झालं.

आपली,
एक शिक्षण सेविका, ता. जत, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती)