अंदमानची सहल आणि जारवांचा रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की साताऱ्यातील सहल आयोजकांच्या पत्रकांत अंदमान हमखास असते. सेल्युलर जेल पाहायला मराठी माणसाने जरूर जावे. परंतु अशाच एका पत्रकात बाराटांग बेटावरील गुहांच्या नावापुढे 'वाटेत जारवा आदिवासी दिसण्याची शक्यता' असे छापलेले वाचून हे पत्र लिहीत आहे.

इंग्रजांनी १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, तेव्हा ग्रेट अंदमानी हे तेथील मूळचे आदिवासी लोक सुमारे पाच हजार असावेत असा अंदाज आहे. दूधनाथ तिवारी या त्यांच्यातच राहिलेल्या फरारी कैद्याने आधीच खबर दिल्यामुळे, मे १८५९ मधील त्यांचा पोर्ट ब्लेअरमधील ॲबर्डीनवरचा हल्ला फसला. पुढे इंग्रजांनी त्यांना माणसाळवण्यासाठी 'अंदमान होम' उघडले आणि बंदुकीने झाले नसते एवढे नुकसान त्या पाहुणचाराने केले: तेथे आणलेल्यांना उपदंश जडला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली आणि ती रानातल्या वस्त्यांपर्यंत पोचली. १९६१ च्या जनगणनेत ते अवघे १९ उरले होते. त्यांच्या भाषांपैकी अका-बो ही भाषा जाणणाऱ्या शेवटच्या वृद्धा, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारल्या.

जारवांनी मात्र १९९७-९८ पर्यंत बाण रोखून परक्यांना दूर ठेवले आणि माझ्या मते त्यामुळेच ते टिकले. पुढे संपर्क वाढताच, १९९९ मध्ये, त्यांच्यातही गोवर शिरला. उपचार मिळाल्याने निभावले. २००१ मध्ये २४० असलेली त्यांची संख्या २०११ मध्ये ३८० झाली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

जिरकाटांगच्या नाक्यावरून बाराटांगला जाणाऱ्या गाड्यांचा ताफा त्यांच्याच राखीव जंगलातून जातो. थांबू नये, छायाचित्रे घेऊ नयेत, खाण्याचे पदार्थ देऊ नयेत, असे नियम असूनही काचा खाली करून केळी-बिस्किटे फेकली गेली आहेत, आणि जारवा स्त्रियांना खाण्यासाठी नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये जगाने पाहिली. हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. तरी वाहतूक चालूच आहे. उत्तरेकडच्या रहिवाशांची त्या रस्त्यावाचून अडचण होते, हे खरे. हौशी पर्यटकांची तशी कोणतीच अडचण नाही.

तेव्हा आयोजकांनी पत्रकातील ती ओळ काढावी आणि बाराटांग कार्यक्रमातूनच वगळावे. स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि सेल्युलर जेल एवढ्यातही सहल भरगच्च होते. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने गाडी कोणत्या रस्त्याने जाणार हे विचारावे, आणि जारवांच्या जंगलातून जाणार असेल तर स्पष्ट नकार द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा